मँगोस्टीनच्या रोपांवरची सावली

बाळांनो, समजा तुम्ही गुडघ्याएवढे आहात. वय वर्षं तीन, अंगावर पानांच्या सात जोड्या, आणि आजवर पाहिलेलं सगळं ऊन हिरव्या जाळीतून गाळून आलेलं. एके दिवशी सकाळी अकरा वाजता कुणीतरी येतं आणि ती जाळीच काढून ठेवतं. तुम्हाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. कसं वाटेल?

मुंगीला ते न सांगता कळत होतं. मुंगी म्हणजे दहा वर्षांची मुलगी. सदान्‌कदा काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची, म्हणून आत्याने ठेवलेलं हे नाव. आत्याची रोपवाटिका होती आणि मागच्या बाजूला, जाळीखाली, मँगोस्टीन या परदेशी फळझाडाची एकेचाळीस रोपं होती. हे झाड भारी सावकाश वाढतं. पानांची एक जोडी फुटली की पुढच्या जोडीसाठी महिनोन्‌महिने वाट पाहायची, आणि पहिली चार-पाच वर्षं त्याला उघड्या उन्हात सोडायचं नाही. एक कडक दुपार पुरते. कोवळी पानं करपतात, आणि मग रोप पुन्हा जीव धरेल याचा भरवसा नाही. त्या दिवशी आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. निघताना ती मुंगीचा हात धरून म्हणाली होती, "मी येईपर्यंत यांची आई तू."

आणि आतोबांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानेच, जाळी उतरवली. कशासाठी, तर फोटोसाठी. जाळीखाली पानं निळसर दिसतात असं फोटोवाला म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला पाठवायचे फोटो चकचकीत हवे होते. मुंगीने सांगून पाहिलं, आडवं उभं राहून पाहिलं. आतोबा हसले.

"तासाभराने काय होतंय? झाडं आहेत ती, लोणी नव्हे."

तास झाला. फोटो झाले. मग आतोबा आणि फोटोवाला दोघे जेवले आणि जेवून पंख्याखाली आडवे झाले. मुंगीने माळीदादांना गाठलं. ते फुटका पाइप जोडत होते. साहेबांनी सांगितल्याशिवाय आपण जाळीला हात लावणार नाही, असं म्हणून त्यांनी पुन्हा पान्हा फिरवायला घेतला. मुंगीने एकटीनेच जाळी ओढली. ती दोन पावलं सरकली आणि तारेत अडकून बसली. खांब तिच्या दुप्पट उंच होते. आत्याचा फोन बंद.

तिला रडू येत होतं, पण ते रागाचं होतं. रोपांना पाणी कुणी घालायचं, तर मुंगीने. गोगलगायी कुणी वेचायच्या, तर मुंगीने. आणि बोलायची वेळ आली की मुंगी लहान. तिने डोळे पुसले आणि कोठीतून पुठ्ठ्याची खोकी फोडून आणायला गेली.

पुठ्ठे घेऊन ती परतली तेव्हा अडीच वाजले होते. पानं लोंबलेली दिसणार, या तयारीने तिने मान वर केली.

रोपं सावलीत होती.

आभाळ कोरडं ठणठणीत होतं. ढग नाही, पक्षी नाही. तरी समोरच्या प्रत्येक रोपावर एकेक लहानशी सावली होती, कुणी डोळ्यांवर हात आडवा धरावा तशी. मुंगीने रोपाच्या वर हवेत हात फिरवला. हाताला काहीच लागलं नाही. तिने रोपाच्या पिशवीतल्या मातीला बोट लावलं. माती पहाटेसारखी गार होती.

मागे आत्याचा कुत्रा कण्हला. तो रोज दुपारी फणसाखाली झोपायचा. आत्ता तो जीभ बाहेर काढून बुंध्याभोवती फिरत होता, जागा शोधत. फणसाखाली ऊन होतं. एवढी दाट पानं, आणि खाली लख्ख ऊन. पाण्याच्या टाकीमागेही ऊन. भिंतीच्या पायथ्याशीही.

आतोबा जांभई देत बाहेर आले, मागून फोटोवाला. ताजीतवानी रोपं पाहून आतोबांना स्फुरण चढलं. उगाच घर डोक्यावर घेतलं होतंस, ते म्हणाले. ही जाळी आता गुंडाळून ठेवायची, आणि उद्या बाकीच्या रोपांवरचीही काढायची. माळीदादांनी पाइपाशी उभं राहून मान डोलावली.

मुंगी त्यांच्या पायांकडे पाहत होती. मग फोटोवाल्याच्या. मग माळीदादांच्या.

"आतोबा, खाली बघा."

आतोबांनी पाहिलं. "काय, चिखल लागलाय?" त्यांनी बूट गवतावर घासला आणि फोटोवाल्याला घेऊन ते घरात गेले.

शेवटच्या ओळीतलं टोकाचं रोप तेवढं सावलीवाचून उरलं होतं.

त्याच्यावर ऊन होतं. वरच्या कोवळ्या गुलाबी पानांच्या जोडीची कड तपकिरी होत आत वळत चालली होती. मुंगीने धावत जाऊन पुठ्ठा त्याच्यावर धरला.

ऊन पुठ्ठ्याखालीही पडलं. तसंच. जणू मध्ये काही नव्हतंच.

तिने पुठ्ठा खाली ठेवला.

रोपांवरच्या सावल्या सोडल्या तर सगळ्या आवारात आता एकच सावली होती. ती मुंगीच्या पायाशी होती.

ती उन्हाकडे पाठ करून रोपाजवळ बसली, अगदी खेटून. सावली पानांवर आली. वळत चाललेली कड थांबली.

घरातून आतोबांनी हाक मारली.

मुंगी सावकाश उठली. पाय उचलताना जराशी ओढ लागली, अंगातला ओला सदरा काढताना लागते तशी. तिने आधी एक पाय सोडवून घेतला, मग दुसरा, आणि सावली पानांवरच ठेवून, रोपाला हलू न देता, ती घराकडे चालू लागली.