रॉस्को पेटवेचा अंगठा

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या मावशीच्या थडग्यावरचं शेवाळ स्वतःच्या रुमालानं पुसत होता. पाऊस नुकताच थांबला होता, दफनभूमीभर चिखल होता, आणि शहरी बुटांतला हा उंच तरुण गुडघे टेकून दगडावरची अक्षरं लावत बसला होता.

"तिला गुदगुल्या होत असतील," मी मागून म्हणाले.

तो दचकून उठला, घसरला आणि थेट चिखलात बसला. तिथूनच वर बघत म्हणाला, "रॉस्को पेटवे... इथेच आहेत ना?"

रॉस्को पेटवे म्हणजे माझे आजोबा. कित्येक वर्षांत कुणा परक्यानं त्यांचं नाव घेतलं नव्हतं. मी पेकनच्या झाडाखाली बोट दाखवलं. तिथे दगड नव्हताच, नुसतं गवत. त्या गवताकडे बघत त्यानं हळूच टोपी काढली. डोकं अगदी तुळतुळीत होतं. मला वाटतं, मी तिथेच विरघळले.

त्याचं नाव थॅडियस. मेम्फिसला ध्वनिमुद्रणाचं काम करायचा. आजोबांनी १९३१ साली सहा गाणी रेकॉर्ड केली होती आणि मग जग त्यांना विसरलं होतं. आता नावाजलेले ब्लूज वादक तीच गाणी वाजवून त्यांना मानवंदना देणारा अल्बम काढत होते. पाच झाली होती. सहावं कुणालाच जमत नव्हतं. तबकडीवर चक्क दोन गिटारी ऐकू येत होत्या. तो दुसरा वादक कोण, हे विचारायला थॅडियस आमच्या नदीकाठच्या कापूसपट्ट्यात, डेल्टात आला होता.

मला ठाऊक होतं. सांगितलं नाही. मी आठ वर्षांची असताना अशीच माणसं आली होती. आठवड्यात परत करतो म्हणत आजोबांची गिटार घेऊन गेली. आजोबा शेवटपर्यंत पोस्टमनची वाट बघत राहिले. हे मी थॅडियसला तोंडावर ऐकवलं. त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि पुढच्या शनिवारी तो माझ्या केशकर्तनालयात हजर झाला.

त्याच्या पुढच्याही शनिवारी आला. केस वाळवायच्या खुर्चीत बसून राहायचा. म्हाताऱ्या मिस ओडेसांना राहवलं नाही. "पोरा, डोक्यावर एक केस नाही तुझ्या. इथे काय सुकवतोस?"

"चिखल, मॅडम," तो गंभीरपणे म्हणाला. "अजून ओलाय."

सगळ्या बायका हसल्या. मीही... पाठ फिरवून.

आजोबांना काय आवडायचं, ते हसायचे कसे, असलंच काहीबाही तो विचारायचा. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कळलंच नाही. सहाव्या शनिवारी मीच म्हणाले, "गाण्याचं कधी विचारत नाहीस?"

"विचारलं तर जा म्हणशील," तो म्हणाला. "आणि मला जायचं नाहीये."

त्या दिवशी मिस ओडेसांची वेणी मला तीनदा सोडून घालावी लागली.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर मी त्याला घरी नेलं आणि कपाटातली माझी गिटार काढली. दुसरा वादक नव्हताच, मी सांगितलं. चौदाव्या वर्षी कापसाच्या यंत्रात आजोबांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. मग त्यांनी अंगठ्याला वेगळा माणूस मानलं. मला शिकवताना म्हणायचे, त्याला त्याच्या वाटेनं चालू दे, तू तुझं गा.

मी दोन बोटं मुडपली आणि वाजवायला लागले. अंगठा खाली चालत राहिला, शेतातून घरी निघालेल्या माणसासारखा, आणि तर्जनी-करंगळीतून वरचा सूर उठला. थॅडियसनं आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग दाराकडे, तिथे खरंच कुणी उभं असल्यासारखं. गाणं संपलं तेव्हा त्याचे गाल ओले होते.

"आलं का नीट?" मी टेबलावर ठेवलेल्या त्याच्या रेकॉर्डिंगच्या मशीनकडे बघत विचारलं.

"मशीन बंद आहे."

"विसरलास?"

"नाही. तू घे म्हणाली नव्हतीस."

मी एकोणतीस वर्षांची होते. आमच्या दारातून लोकांनी काय काय नेलं होतं. परवानगीसाठी थांबलेला हा पहिलाच. मी दोन बोटं पुन्हा मुडपली.

"आता घे," मी म्हणाले.

वसंतात अल्बम आला. सहाव्या गाण्यापुढे नाव होतं — जुनेल पेटवे, रॉस्को यांची नात. तो पहिल्यांदा चर्चच्या सभागृहात लावला. तरुणपणी आजोबांच्या गाण्यावर नाचलेले आमच्या चर्चचे डीकन, नव्वदीचे अमोस पुढेच बसले होते. सहावं गाणं सुरू झालं तसे ते काठीचा आधार घेत उठले आणि संपेपर्यंत उभेच राहिले. बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. कुणी टाळी वाजवली नाही. 

थॅडियस माझ्या शेजारी होता. "काम संपलं," तो हलकेच म्हणाला. "शनिवारी यायला आता कारण नाही उरलं."

"मग कारणाशिवाय ये."

"तसा आलो तर... परत जाणार नाही मी, जुनेल."

मी त्याचा हात धरला. सगळे बघत होते. बघेनात का.