सत्तावीस नंबरचा डावा हात

तालघरात एकूण चाळीस वादक होते आणि त्यांतला एकही जेवायला मागत नसे. सुनेत्रा शिगवणला ही सोय मनापासून आवडायची. रत्नागिरीतल्या घराच्या मागच्या खोलीत, शिलाई मशीन आणि तांदळाचं पिंप यांच्या मधल्या जागेत तिचा संगणक होता. त्यावर ती दिवसभर ड्रमचे ट्रॅक बनवायची. कुणाला नाचाच्या क्लाससाठी, कुणाला मालिकेसाठी, कुणाला शाळेच्या गॅदरिंगसाठी. आख्ख्या गल्लीत आता ड्रमसेट उरला नव्हता आणि त्याचं कुणाला दुःखही नव्हतं. तालघर उघडायचं, वादक निवडायचा, त्याला गाणं ऐकवायचं. तो ऐकून वाजवायचा.

यंत्राला ताल फार पूर्वीपासून येत होता. पंचाईत वेगळीच होती. यंत्र चुकत नसे, आणि न चुकणारा ताल माणसाच्या कानाला मेलेला वाटतो. माणूस प्रत्येक ठोका सेकंदाच्या काही हजारांश भागांनी मागेपुढे मारतो. हे मागेपुढे होणं ज्याचं त्याचं ठरलेलं असतं, बोटांच्या ठशासारखं. म्हणून त्याचं नाव पडलं ‘लयठसा’. असे हजारो लयठसे एकत्र मिसळून तालघराने आपले चाळीस वादक घडवले होते. ‘यांतील कोणीही खरी व्यक्ती नाही,’ असं पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. हे इतकं ठासून का सांगतात, असा प्रश्न सुनेत्राला त्या मंगळवारपर्यंत पडला नव्हता.

त्या मंगळवारी एका मालिकेसाठी शिमग्याचं गाणं आलं. तिने ते नेहमीप्रमाणे सत्तावीस नंबरला दिलं. सगळ्या गिऱ्हाइकांना सत्तावीसच हवा असायचा, ‘त्याच्या वाजवण्यात जीव आहे’ म्हणून. गाण्यात पालखी नाचायला लागली आणि मध्येच सत्तावीसचा डावा हात थांबला. एवढासाच. मग दोन ठोके घाईने पडले.

सुनेत्राने ट्रॅक मागे नेला. पुन्हा ऐकला. पुन्हा.

शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. नाचता नाचता खांदा बदलायचा तर पुढच्या-मागच्या भोयांना एकाच क्षणी कळायला हवं. शिगवणांच्या वाडीत ते काम ढोलवाला करायचा. डाव्या हाताचा ठोका किंचित अडवायचा, की भोई समजायचे, आता बदल. शेजारच्या वाडीत त्यासाठी शिट्टी मारत. हा अडवलेला ठोका पंचवीस वर्षं एकाच माणसाने वाजवला होता, आणि तो माणूस या क्षणी पडवीत बसून लसूण सोलत होता.

सुनेत्राचे यजमान यशवंत शिगवण शिमग्यात ढोल आणि एरवी बेंजो पार्टीत ड्रम वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एकाएकी सोडलं. कंटाळा आला, म्हणाले.

“अहो, ही डाव्या मनगटावरची पट्टी कुणी दिली हो तुम्हाला?” सुनेत्राने पडवीत येऊन विचारलं.

“बीपीची ना? ते शिमग्यात रेकॉर्डिंग करायला आले होते, त्यांनी. सगळ्या वादकांना दिली. फुकट.”

“बीपी किती आहे मग तुमचं?”

यशवंतांनी पट्टीकडे पाहिलं. “ते दाखवत नाही बहुतेक.”

“तीन वर्षं घालताय. एकदाही दाखवलं नाही?”

“तू काय पोलिसात लागलीस काय गो?” असं म्हणून ते हसले, पण लसूण उजव्याच हाताने सोलत राहिले. डावा नुसता वाटी धरून होता.

सुनेत्राची शाळेतली मैत्रीण इरावती केळशीकर माणसाच्या हातांच्या हालचालींवर संशोधन करायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, चहाला नको म्हणाली आणि सत्तावीसचे जुने-नवे ट्रॅक मोजत बसली.

“तुझा संशय खोटा ठरला असता तर बरं झालं असतं,” इरावती शेवटी म्हणाली. “हे मिश्रण नाही, सुनेत्रा. हजार माणसं मिसळली की असला अडवलेला ठोका पुसला जातो. हा एकच माणूस आहे.”

“तीन वर्षांपूर्वी चोरून ठेवलेला?”

“तसं असतं तर तो आहे तिथेच थांबला असता. दोन वर्षांपूर्वी सत्तावीसचा डावा हात अकरा मिलिसेकंद मागे होता. आता एकोणतीस. साठवलेला ठसा म्हातारा होत नाही. त्या पट्टीतून तालघर अजून रोज त्या हाताकडून शिकतंय.”

“पण हे वाजवतच नाहीत गं आता!”

“तुझ्यासमोर वाजवत नसतील.”

पिठाचा रिकामा डबा हल्ली उपडा का सापडतो, ते सुनेत्राला आत्ता कळलं.

“आणि मागे का पडतोय हात?”

इरावतीने हेडफोन काढून ठेवले. “कंपवात. हात थरथरायला लागायच्या कितीतरी आधी तो असा लयीत दिसू शकतो. यशवंतरावांना डॉक्टरकडे ने. लवकर ने.” मग तिने पडद्यावरच्या एका बटणाकडे बोट केलं. “हे काय आहे?”

“मुरलेपण. वादक किती मुरलेला हवा ते. मी साठावर ठेवते. लोकांना तेच आवडतं.”

“ते मुरलेपण नाही. ते त्या हाताचं पुढचं दुखणं आहे, अंदाजाने काढलेलं. शंभरावर कधी नेलंयस?”

सुनेत्राने नेलं. शिमग्याचं गाणं सुरू झालं. उजवा हात वाजत राहिला. खांदा बदलायची जागा आली आणि गेली. अडवलेला ठोका आलाच नाही. तिच्या डोळ्यांसमोर भोई तसेच नाचत राहिले, जड झालेल्या खांद्यांनी, कुणीतरी सांगेल म्हणून.

तिने संगणक बंद केला आणि पडवीत गेली.

“डबा वाजवता ना मी बाजारात गेल्यावर?”

यशवंतांनी डावा हात उघडून पुढे केला. मग म्हणाले, “हा ऐकत नाही गो माझं. बघत होतो, परत ऐकतो का.”

डॉक्टरकडे जाऊन झालं, गोळ्या सुरू झाल्या. सुनेत्राने पट्टी काढायला सांगितली. यशवंतांनी काढली नाही. “एवढं वाजवलं, कुठेतरी राहू दे की,” म्हणाले. महिन्याभरात ते दोन्ही हातांनी लसूण सोलायला लागले.

आणि त्याच आठवड्यात त्यांच्या फोनवर तालघराचा पहिला संदेश आला: ‘आपण नवीन औषध घेत आहात का? आपल्या लयठशाची नैसर्गिकता कमी झाली आहे. कृपया संपर्क साधा.’

सुनेत्राने तो दोनदा वाचला. म्हणजे त्यांना माहीत होतं. इरावतीच्या आधी, डॉक्टरच्या आधी, बायकोच्याही आधी. ते फक्त कुणाला बोलले नव्हते, कारण सत्तावीस नंबर खपत होता. तिने त्यांच्या मनगटावरची पट्टी ओढून काढली. या वेळी त्यांनी हात मागे घेतला नाही.

मग त्यांनी विचारलं, “नैसर्गिकता कमी झाली म्हणजे? लाव बघू.”

तिने लावलं. आधी तीन महिन्यांपूर्वीचा सत्तावीस, मग आजचा. आजचा नीटनेटका होता, निरोगी होता. जुना मात्र प्रत्येक ठोक्याआधी श्वास रोखून उभा राहत होता, पुढचा पडेल की नाही याची खात्री नसल्यासारखा, आणि ऐकणाराही त्याच्याबरोबर थांबत होता. हाच तो जीव. हाच तिने साठावर ठेवून दोन वर्षं लोकांना दिला होता.

लग्नापासून प्रत्येक कार्यक्रमानंतर यशवंत तिला विचारत आले होते, आणि वाजवण्याच्या बाबतीत ती त्यांच्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती.

“कुठला बरा वाटला?”

“आजचा,” सुनेत्रा म्हणाली.

उत्तर किंचित उशिरा आलं. फार नाही, सेकंदाचे काही हजारांश भाग. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. यशवंतांनी मान हलवली, डाव्या हातात गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि ते उघडायच्या आधी बराच वेळ नुसतं धरून बसले.