गार दुपट्टा

चंद्रपुरात आता उन्हाळ्याच्या दुपारी सारा मोहल्ला जमिनीखालच्या तापघरात उतरे. वर उघड्यावर अर्धा तास राहिलेला माणूस वाचत नसे. तरीही तापघराच्या दाराला कुलूप लावायची मनाई होती. बाहेर अडकलेल्याला केव्हाही आत येता आले पाहिजे ना!

मैनाला त्या उघड्या दाराचीच धास्ती होती. तिचे आजोबा, आबाजी, कोळशाच्या खाणीतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण दुपारची पाळी काही त्यांच्या डोक्यातून जाईना. दोनदा त्यांना जिन्यातून परत आणावे लागले होते.

म्हणून तिने विज्ञान शिकवणाऱ्या भोयरबाईंकडून लघुनियंत्रक मागून घेतला. शाळेत मुले ज्याने दिवे लुकलुकवतात तोच, काडेपेटीएवढा. त्याला हालचाल टिपणारा चलनवेधक आणि भोंगा जोडून तिने तो दारासमोर बसवला. सकाळी मांजर गेले तरी भोंगा बोंबलत होता.

दुपारी तापघराची थंडाव्याची यंत्रणा बंद पडली. भोंगा तपासायला मैना वेधकापुढे चक्क नाचली. भोंगा गप्प.

“बाई, हा काहून वाजत नाही?”

“अगं, त्याला माणूस कुठे दिसतो? भोवतालापेक्षा गरम किंवा गार असं काही सरकलं, तर तेवढा फरक त्याला कळतो. आता हवा आणि भिंती तुझ्याइतक्याच तापल्यात. त्याच्या लेखी तूही भिंतच.”

“भिंत एवढं नाचते का, बाई?”

“आणि एवढं बोलतही नाही!”

मैना विचारात पडली. मग उठली, माठात आबाजींचा दुपट्टा बुडवला आणि त्यांच्या डोक्या-खांद्यांवर गुंडाळला.

“लगन लावता का माझं?” आबाजी म्हणाले.

तिने त्यांना दारापुढून चालवले. भोंगा कडाडला. भोयरबाईंनी तिची पाठ थोपटली, “हे मला नसतं सुचलं!”

निर्धास्त होऊन मैना लवंडली. जाग आली तेव्हा शेजारची आबाजींची बाज रिकामी होती.

“भोंगा वाजला नाही, मी जागीच आहे,” भोयरबाई म्हणाल्या. “म्हणजे इथेच असतील. मोरीत बघ.”

मैना मोरीकडे निघाली आणि थबकली. बाजेमागच्या खुंटीवर दुपट्टा होता, नीट घडी करून टांगलेला. खाणीत उतरण्याआधी खाणकामगार आपले कपडे असेच खुंटीला लावून जातात, हे आबाजींनीच तिला सांगितले होते.

दारासमोर वेधक इमानाने पहारा देत होता.

तिने दुपट्ट्याला हात लावला. तो कधीचाच वाळला होता. भिंतीइतकाच गरम.