जमिनीलगतचा ओझोन

दर गुरुवारी सकाळी प्रियदर्शनी फुग्याखाली ओझोन आणि बाष्प मोजणारी पेटी बांधी, प्रयोगशाळेच्या दारासमोर ती सुरू करी आणि माजलगावजवळच्या माळावरून फुगा सोडी. पहारेकरी मुंजाजी घरचं जास्वंद कानामागं खोवून कुंपणाकडे फेरीला जाई. त्या गुरुवारीही गेला. फुगा दिसेनासा झाल्यावर ती वळली, तेव्हा मुंजाजी प्रयोगशाळेच्या दारात मरून पडला होता.

"पेटी तपासायला ओझोन बनवतात, ते यंत्र गळलं," शेजारच्या खांडसरीचे, म्हणजे छोट्या साखर कारखान्याचे, मालक विजयसिंह म्हणाले. "बाईंच्या हलगर्जीनं माणूस गेला." पोलीस येण्याआधीच त्यांनी प्रेत मुंजाजीच्या घरी नेऊन अंत्यविधीची घाई लावली.

प्रियदर्शनीवर गुन्हा दाखल होणार होता. तिनं बीडहून खासगी तपासनीस शाईस्ता इनामदारांना बोलावलं. सोबत मदतनीस भारतराव होते.

मुंजाजीच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, एक पांढुरकं फूल पुढं केलं. "त्यांच्या कानामागं होतं. आमचं झाड तर लालभडक हाय."

मग शाईस्ता प्रयोगशाळेत गेल्या. "पेटी काय सांगते?"

"जमिनीलगत ओझोन शून्य," प्रियदर्शनी म्हणाली. "खांडसरीकडून वारा असला की पेटी फसते, म्हणून मी उड्डाण टाळते. आज वाराच नव्हता."

"एल निनोचं साल आहे. ओझोन घटणारच," भारतराव म्हणाले.

"घटतो, पण ढगांच्याही वर," प्रियदर्शनी म्हणाली. " पॅसिफिक तापला की आपल्या पट्ट्यात हवा जोरानं वर चढते. तिथं ओझोन विरळ होतो, बाष्प वाढतं."

खांडसरीत विजयसिंह म्हणाले, "रस निवळायला गंधक जाळतो आमी. पण भट्टी कालपास्नं बंद हाय."

मागच्या बाजूला जाकीर मिस्त्री बिडी ओढत बसला होता.

"काम कावून थांबलंय?" शाईस्तांनी विचारलं.

"धुराचा पाईप फाटलाय. जोडायचाय, पण भट्टी लई तापलीय ताई. हात लावून बघा, सालटं निघंल."

त्या मुंजाजीच्या घरी परतल्या तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. शाईस्ता सगळ्यांसमोर बोलल्या.

"गंधकाच्या धुरानं फुलाचा रंग उडतो. ओझोननंही उडतो, म्हणून मी फुलावर थांबले नाही. यंत्र गळलं असतं, तर दारासमोरच्या पेटीनं ओझोन जास्त दाखवला असता. तिनं शून्य दाखवला. गंधकाचा धूर नाकाला कळणार नाही इतका विरळ असला, तरी पेटीतल्या द्रावणातली ओझोनची खूण पुसून टाकतो. एल निनो हे जमिनीवर करत नाही. आणि काल विझलेली भट्टी आज चटका देत नाही. वारा नसल्यानं फाटक्या पाईपातला धूर कुंपणाशी दाट साचला होता. मुंजाजी त्यात सापडला आणि मदतीसाठी कसाबसा दारापर्यंत आला."

"म्हणजे भट्टी चालूच होती!" भारतराव पुटपुटले.

"शवविच्छेदनात कळेल. चितेनंतर काहीच कळणार नाही."

"उचला रे," विजयसिंह म्हणाले. मग हळूच, "मुक्ताबाई, तुजी दोन्ही लेकरं माझ्याकडं कामाला हायेत. इचार कर."

"केला, मालक."

तिनं पदर खोचला, तिरडीशी बसली आणि सुतळीची एकेक गाठ सोडू लागली.