लंगडी घालणारे ठोके

टोरुन सुईण आहे. अर्धं गाव तिच्या हातावर जन्माला आलंय. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की विणकाम उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन बसणारी बाई. तिनं हे एकदाच सांगितलं, आणि सांगताना मध्येच थांबून पाणी प्यायली.

त्यामुळे यातलं एक अक्षरही वाढवलेलं नाही.

गाव नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, खाडीकाठचं. नाव देत नाही. कारण यातली इंगुन अजून तिथेच राहते, तिथल्याच फेरीबोटीवर गाड्या लावून घ्यायचं काम करते.

नोव्हेंबरातला मंगळवार होता. दुपार कलली होती, खिडकीबाहेर अंधार दाटायला लागला होता. टोरुन इस्पितळातल्या तिच्या खोलीत कानांना हेडफोन लावून बसली होती.

इस्पितळात तेव्हा गरोदर बायकांचा एक अभ्यास चालू होता. पोटातलं बाळ संकटात सापडतं, तेव्हा आईला काही कळायच्या आधी त्याच्या ठोक्यांत बदल होतो का, एवढंच शोधायचं होतं. ज्यांचा रक्तदाब चढलेला, ज्यांचं बाळ नीट भरत नव्हतं, अशा बायकांना एक मऊ कापडी पट्टा दिला जाई. जेवण झालं की तो पोटावर बांधून पडून राहायचं. पट्ट्यातला माइक आवाज टिपायचा आणि तो थेट इस्पितळात यायचा.

ऐकायचं काम टोरुनचं.

प्रत्येक पोटात दोन आवाज असतात. एक आईच्या रक्ताचा, समुद्राच्या गाजेसारखा संथ. आणि त्यावरून धावत सुटलेले बाळाचे ठोके… टबक टबक टबक…

त्या दिवशी विग्दिसचा पट्टा चालू होता. विग्दिस मेंढ्या पाळणारी, तोंडाची फटकळ, पहिलटकरीण.

गाज ऐकू आली. ठोके ऐकू आले.

आणि त्यांच्या मागे… अजून काहीतरी.

टोरुननं आवाज वाढवला.

टबक टबक… टबक… मग एक ठोका गायब… मग दोन घाईघाईने.

तिसरं काळीज.

विग्दिसला जुळी नव्हती. सोनोग्राफी टोरुननं स्वतः पाहिली होती. पण टोरुन दचकली ती त्यामुळे नाही.

ते ठोके तिच्या ओळखीचे होते.

त्याच वर्षी, बर्फ वितळायच्या दिवसांत, हा पट्टा इंगुनकडे होता. पट्ट्याची कड उसवली तेव्हा इंगुननं ती लाल लोकरीनं शिवून दिली होती. तो टाका अजून तसाच होता. इंगुनच्या बाळाचा एक ठोका मधूनच चुकायचा. डॉक्टर म्हणाले होते, काही काळजी नाही, अशी कितीतरी बाळं असतात. टोरुन इंगुनला हसून सांगायची, "तुझा पोरगा आत लंगडी घालतोय बघ."

इंगुन म्हणायची, "घालू दे. बोटीवर उपयोगी पडेल."

मग एका सकाळी इंगुन इस्पितळात आली आणि दारातच म्हणाली, "टोरुन, तो हलत नाहीये."

नाळेला गाठ पडली होती. आदल्या दिवशीचे ठोके अगदी चांगले होते. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. पण त्यानं दुःख कमी होत नाही. मुलाचं नाव अस्लाक ठेवलं. चर्चमागच्या स्मशानात, खाडीकडे तोंड करून त्याची इवलीशी कबर आहे.

आणि आता त्याचे ठोके विग्दिसच्या पोटातून येत होते.

टोरुन तडक डॉक्टर आयविनकडे गेली. अभ्यास त्यांचाच होता.

"अगं, कॉफी कमी कर जरा," आयविन म्हणाले.

"आधी ऐक. मग बोल."

आयविननी हेडफोन लावले. हसू हळूहळू ओसरलं.

"जुना आवाज कुठेतरी अडकून राहिला असेल," हेडफोन काढत ते म्हणाले. "पुसून टाकू सगळं."

यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसानं पट्टा उघडला, सगळं पुसलं, माइकसुद्धा नवा बसवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोरुननं हेडफोन लावले.

गाज… बाळ…

आणि मागे, जरा लांबून… लंगडी.

पुढे रोजच यायचा तो आवाज. टोरुनला आधी भीती वाटली. मग सवय झाली. आणि मग… हे तिनं फार हळू आवाजात सांगितलं… मग ती त्याची वाट बघायला लागली. कधी विग्दिसच्या बाळाचे ठोके जोरात धावायचे, तेव्हा तोही धावायचा. जणू दोन पोरं अंगणात शिवाशिवी खेळताहेत.

एका दुपारी असेच दोघे धावत होते.

आणि तिसरा आवाज थांबला.

हळूहळू विरला नाही. एकदम थांबला. दार बंद व्हावं तसा.

विग्दिसचं बाळ व्यवस्थित होतं. तिची गाज व्यवस्थित होती.  तरी टोरुननं फोन उचलला.

"विग्दिस, आत्ता निघ. इकडे ये."

"का गं? कार्टं आत्ताच बरगडीत लाथ घालून गेलंय! मस्त आहे ते."

"तरी ये."

"आणि मेंढ्यांना चारा कोण घालणार? तुझा डॉक्टर?"

"विग्दिस, ऊठ!" टोरुन ओरडली. आयुष्यात कुठल्याही गरोदर बाईवर ती अशी ओरडली नव्हती. "नवऱ्याला गाडी काढायला सांग. पुढची फेरी चुकवू नका."

विग्दिस आली ती कुरकुरतच. अंगाला मेंढ्यांचा वास, पायात गमबूट. तपासलं. सगळं ठीक. आयविननी टोरुनकडे एक नजर टाकली.

"बघ," विग्दिस म्हणाली, "उगाच माझी दुपार…"

वाक्य पुरं झालंच नाही. तिनं पोट धरलं. चादरीवर रक्त पसरलं, आणि बाळाचे ठोके घसरत गेले.

वार सुटली होती. बाळ पोटात असतानाच.

पळापळ झाली. तिथल्या तिथे पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. निळी पडलेली, मुठीएवढी. आधी गप्प. आयविन तिच्या छातीवर दोन बोटं दाबत राहिले. आणि मग ती रडली.

घरी असती तर मध्ये खाडी होती. मायलेकी दोघीही गेल्या असत्या.

आयविननी हात धुतले, पुसले, परत धुतले. "तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

टोरुननं सांगितलं. 

त्यानंतर इंगुनपासून लपवणं टोरुनला जमेना. मूल तिचं होतं.

फेरीबोटीवर, गाड्या लागून झाल्यावर, तिनं इंगुनला कठड्यापाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता ही चिडेल. मुस्कटात मारेल.

इंगुन पाण्याकडे बघत राहिली.

"थंडी वाजत असेल का गं त्याला?" तिनं विचारलं.



दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत इंगुन इस्पितळात हजर. अंगात बोटीवरचं पिवळं जाकीट.

"बांध," ती म्हणाली.

"इंगुन, तुझ्या पोटात आता…"

"माहीत आहे काय आहे नि काय नाही. तू बांध."

टोरुननं दार लावलं. इंगुनला खाटेवर निजवलं, पट्टा बांधला, आवाज हेडफोनऐवजी खोलीत सोडला.

गाज आली. इंगुनच्या रक्ताची. संथ, एकटी.

दोघी ऐकत राहिल्या.

एवढंच… दुसरं काही नाही.

"नाहीये," इंगुन म्हणाली. तिनं स्वतःच पट्टा सोडला, नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि बूट चढवायला वाकली.

पट्टा आता कुणाच्याच अंगावर नव्हता.

खोलीत आवाज आला…

टबक टबक… टबक…

इंगुनचा हात बुटाच्या नाडीवर तसाच राहिला.

मध्येच एक ठोका गायब… मग दोन घाईघाईने.

"अस्लाक?"

ठोके एकदम वाढले. आईचा आवाज ऐकला की पोटातल्या बाळाचे वाढतात, अगदी तसेच. टोरुननं ते शेकडो वेळा ऐकलं होतं. 

इंगुन टेबलापाशी गुडघ्यांवर बसली. गाल पट्ट्याला लावला. रडली नाही. बोलत राहिली. बाबानं तुझी खोली अजून बंद ठेवलीय. आजीनं विणलेली टोपी तुझ्या डोक्यावर घातली होती रे, कान झाकलेत ना नीट? तू इतक्या लांब एकटा कशाला फिरतोस? त्या विग्दिसच्या पोरीला वाचवलंस म्हणे. शहाणा माझा तो. पण दमला असशील आता. झोप. आई इथेच आहे.

मग ती गुणगुणायला लागली. शब्द नव्हते, नुसता सूर.

ठोके हळूहळू संथ झाले. पेंगुळल्या बाळाचे होतात तसे.

टबक… टबक…

टबक…

मग काहीच नाही.

 इंगुन उठली तेव्हा गालावर पट्ट्याच्या विणीचा ठसा उमटला होता. "दार हळू लाव," जाताना ती कुजबुजली.

त्यानंतर त्या पट्ट्यातून तो आवाज कधीच आला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर टोरुननं ती बहुधा सगळ्यांना सांगितली असती.

इस्टरच्या सुमारास तोच पट्टा राग्ना नावाच्या मुलीकडे गेला. बेटावर राहणारी, लाजरी. टोरुननं तिचे ठोके रोज ऐकले. गाज स्वच्छ, बाळ स्वच्छ. मागे तिसरं कुणी नाही. टोरुननं रोज कळवलं, सगळं छान आहे.

एका सकाळी राग्ना दारात उभी राहिली. दोन्ही हात पोटावर.  बाळ हलायचं थांबलं होतं.

कारण काय, ते शेवटपर्यंत सापडलं नाही. ते बाळ टोरुननं स्वतःच्या हातांनी पुसलं, गुंडाळलं आणि राग्नाच्या कुशीत दिलं.

त्या बाळाच्या सोबतीला अस्लाक असता, तर तो वेळेवर गप्प झाला असता का? टोरुनला फोन करता आला असता का? की आपणच अस्लाकच्या आईला बोलावून त्याला झोपवलं?

आयविन म्हणतात, असा विचार करू नये. पण तेही हल्ली तो पट्टा हातात घेत नाहीत.

उन्हाळ्यात फेरीवर इंगुन भेटली. टोरुनच्या गाडीच्या काचेवर तिनं टकटक केली. चेहरा भरला होता, उन्हानं रापला होता.

"काय गं, परत आला का आवाज?"

"नाही."

"म्हणजे शांत झोपलाय," इंगुन म्हणाली, आणि किती महिन्यांनी हसली.

टोरुननं मान डोलावली. राग्नाचं नाव तिनं काढलं नाही. अजूनही काढलेलं नाही.

अभ्यास चालू आहे. तो पट्टा टोरुन कपाटात ठेवत नाही. जिची तिला सगळ्यात जास्त काळजी वाटते, तिलाच देते. दुपारी हेडफोन लावते, डोळे मिटते. गाज येते. बाळाचे ठोके येतात. ती अजून खोल, अजून मागचं ऐकायचा प्रयत्न करते.

पूर्वी तिसरा आवाज आला म्हणून ती घाबरली होती.

आता तो येत नाही…

आणि सगळं छान आहे, असं कळवायच्या आधी ती परत एकदा हेडफोन लावते.