तेवीस नंबरची दुसरी डांगरी

तेवीस नंबरच्या डांगऱ्या दोन होत्या, हे मी घसा फोडून सांगितलं. एकानेही खरं मानलं नाही. चौकशीवाले साहेब म्हणाले, "बाई, रजिस्टरमध्ये एकच आहे." मी म्हटलं, रजिस्टर तुमचं, सुई माझी. तर हसले.

आता रात्री लाइट गेली की माझ्या दोघी भाच्या अंगाला चिकटून बसतात. "आत्या, ती गोष्ट सांग." सांगते. पण झालं तसं सांगते, मीठमसाला लावत नाही. यावेळी लिहूनही ठेवते, कारण बोललेलं लोक या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडून देतात. मी चौथी शिकले. लिहिण्यात चुका असतील. खोटं नसेल.

समुद्रात तेलाची विहीर खोदतात, त्या प्लॅटफॉर्मवरचे कपडे किनाऱ्यावरच्या लॉन्ड्रीत येतात. ती लॉन्ड्री माझी. म्हणजे मालकी कंपनीची, हात माझे. डांगरी म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच कपडा, पुढे चेन. नियमाने माणशी एक. प्रत्येकाला नंबर असतो, तो मी कॉलरच्या आत लाल दोऱ्याने शिवते. तेवीस नंबर माझा धाकटा भाऊ.

खोदताना भोकात औषधं घातलेला चिखल सोडतात आणि तो परत वर येऊन टाकीत पडतो. टाकीवर बसून तो मोजायचा, हे धाकट्याचं काम. चिखल एकाएकी वाढला की समजायचं, खालून तेल आणि वायू जोर करतोय. लगेच सांगायचं, लगेच भोक बंद करायचं. त्या चिखलाने पोराची कातडी सोलून निघायची. म्हणून मी त्याला गुपचूप दुसरी डांगरी दिली. तिच्यावरही तेवीसच शिवला. लाल दोरा संपला, तर तीनचं शेपूट निळ्याने ओढलं.

"ताई, हा तीन आहे की मोर?"

"घालायची तर घाल. नाहीतर बस खाजवत."

नोकरी त्याला दाजींनी लावली होती. दाजी म्हणजे माझा नवरा, तिथल्या रात्रपाळीचा इनचार्ज. धाकटा चारचौघांत 'दाजी, दाजी' करायचा, मग अख्खा प्लॅटफॉर्म त्यांना दाजी म्हणू लागला. शेवटी मीसुद्धा. नवऱ्याला दाजी म्हणणारी बायको जगात मी एकटीच असेन.

मग एका रात्री दोनच्या पुढे विहीर फुटली. आग लागली. सगळे बोटीत उतरले, धाकटा नाही. एकोणीस दिवस तेल येत राहिलं. किनारा डांबर ओतल्यासारखा. तेल बुडावं म्हणून विमानातून औषध मारलं. तेल बुडालं. मासे वर आले. त्या औषधाचा वास जिभेवर बसायचा. काहीही खा, घासाला तोच वास.

चौकशी लागली. धाकट्याची डांगरी झोपायच्या खोलीत खुंटीला सापडली, धुतलेली, कोरडी. झालं. म्हणजे हा कामावरून उठून झोपायला गेला, टाकीवर कोणी नव्हतं, म्हणून विहीर फुटली. चिखल वाढला तर सांगायचं अशी माणसं तीन होती. खोदायच्या यंत्रावरचा, कंपनीचे मोठे साहेब आणि दाजी. तिघांनी शपथेवर सांगितलं की आम्हाला कोणी काही बोललं नाही. दाजी तर रडले. मीच त्यांचे डोळे पुसले.

मेलेल्याच्या माथी मारायला काय लागतं? तो कुठे उलट बोलतो.

भाच्यांना शाळेत 'झोपाळूच्या पोरी' म्हणू लागले. धाकटी तेव्हा सात वर्षांची. एकदा वेणी घालताना तिने विचारलं, "आत्या, बाबांना झोप लागली म्हणून मासे मेले?" मी नाही म्हटलं. तिनेही खरं मानलं नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला अहवालावर सही होणार होती. एकदा सही झाली की पोरींच्या बापाचं नाव कायमचं काळं. ही त्याच्या आदली रात्र, गुरुवारची.

किनारा साफ करणाऱ्यांच्या डांगऱ्या पोत्यांतून आल्या होत्या. इस्त्रीवाली एक वाजता घरी निघाली.

"नीट मोज गं. मागच्या खेपेला एक कमी भरली, तर माझ्या नावाने शंख झाला."

"तू मोजलीस तर दोनाच्या तीन होतात. जा तू."

"हो, आणि तुम्ही भावंडं मोठी मोजणारी. एकाने डोळे मिटून..." तिने जीभ चावली.

मला काही वाटलं नाही. त्या दिवसांत काही वाटायचंच नाही. सुई बोटात गेली की रक्त बघायचं, पुसायचं, पुढचा टाका घालायचा.

मी मोठ्याने मोजते, जुनी सवय आहे. चाळीस भरल्या. खिसे उलटे केले. चाळीसही मोठ्या मशीनमध्ये टाकल्या. वळले.

टेबलावर एक होती.

घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं.

बाकीच्या तेलाने चिकट होत्या. ही पाण्याने ओली. गार. टेबलाच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. मी कॉलर उलटली. तेवीस.

तीनचं शेपूट निळं.

मी ओरडले नाही. स्टूल ओढलं आणि बसले.

टाकीवर कागद भिजतो. म्हणून टाकीवाले डाव्या बाहीच्या काठावर पक्क्या शाईने आकडे लिहितात आणि पाळी संपली की वहीत उतरवतात. ती शाई जाता जात नाही. त्या बाह्यांवरून मी धाकट्याला किती शिव्या घातल्या असतील! आता ती बाही दिव्याखाली धरली. अक्षर त्याचंच, कोंबडीचे पाय. आधी वेळ, मग चिखलाचा आकडा.

एक दहा, बेचाळीस. एक पंचवीस, सत्तेचाळीस, सांगितलं. एक चाळीस, छप्पन्न, परत सांगितलं. एक पन्नास, सत्तर, परत सांगितलं, थांब म्हणाले.

पुढे डांबराचा थर. थांब कोण म्हणालं, ते त्याच्याखाली.

एक पन्नासला पोरगा जागा होता. टाकीवर होता. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

दार वाजलं. दाजी. हातात थर्मास. विहीर फुटल्यापासून त्यांच्याही डोळ्याला डोळा नव्हता, रात्री-बेरात्री असे येऊन बसायचे.

"चहा आणलाय. अजून किती..."

मग टेबल दिसलं.

मी नुसती बघत राहिले. लॉन्ड्रीत येणारा कोणीही कपडा ओळखायला आधी कॉलर उलटतो. साहेब असो नाहीतर झाडूवाला. दाजींनी कॉलरला हात लावला नाही. सरळ डावी बाही उचलली.

"मळकी आहे," म्हणाले. "टाक मशीनमध्ये."

"त्याची आहे."

"कोणाची?"

"तुम्हाला माहीत आहे."

"तुला झोप नाही. तुला काहीही दिसतं."

त्यांनीच उचलली. चाळिसांत कोंबली. ब्लीचचा डबा अख्खा ओतला. सगळ्यात गरम पाणी लावलं. झाकण लावलं. बटण दाबलं.

मी थांबवलं नाही. हे मी भाच्यांना सांगत नाही. इथे लिहिते. माझा हात उठलाच नाही.

मशीन पंचावन्न मिनिटं चालतं. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी चहा ओतला. कोणी प्यायलं नाही.

विसाव्या मिनिटाला आतून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

"बटण असेल," दाजी म्हणाले.

"डांगरीला चेन असते," मी म्हटलं. "बटण नसतं."

ठक. ठक. ठक.

दाजींनी कानावर हात ठेवले. मी नाही ठेवले. पाणी फिरत होतं. काचेआड काहीतरी वळत होतं... बाही असेल. बाहीच असेल. काचेला आतून टेकली. सरकली. परत टेकली.

ठक. ठक. ठक.

तीन चाळीसला मशीन थांबलं.

मोरीत उतरलेलं पाणी मी वाकून पाहिलं. चाळीस तेलकट डांगऱ्या आणि पाणी नितळ. ब्लीचचा वास नाही. औषधाचा नाही. खाऱ्या पाण्याचा वास. पूर्वी यायचा तसा.

झाकण उघडलं. मोजल्या. चाळीस. दाजींनी मोजल्या. चाळीस. कॉलरी उलटून पाहिल्या. तेवीस नंबर कुठेच नाही. टेबल कोरडं. खालची फरशी कोरडी.

दाजींनी श्वास सोडला. "बघ," म्हणाले. "नव्हतीच."

थर्मास उचलून गेले. मी डांगऱ्या वाळवायच्या मशीनमध्ये ढकलल्या आणि बसून राहिले. कशाकडे बघत होते, आठवत नाही.

सहाला इस्त्रीवाली आली. पहिली डांगरी पसरली आणि बोंबललीच.

"अगं ए! हे काय करून ठेवलंस? शाई लागलीय हिला! हिलाही! अगं बाई, सगळ्यांना!"

"कुठे?"

"डाव्या बाहीला. डाग नाहीत गं हे, अक्षरं आहेत. मला मेलीला वाचता येत नाही. काय लिहिलंय?"

मी गेले. पाहिलं. चाळीस बाह्या. प्रत्येकीच्या काठावर एकच शब्द, त्याच कोंबडीच्या पायांनी.

"सांग ना, काय आहे?"

"आहे काहीतरी."

ब्लीचचा दुसरा डबा फळीवर होता. भरलेला. मी तो खाली काढला. झाकण फिरवलं. बावीस वर्षांचा संसार आहे माझा. तो माणूस वाईट आहे असं मी कधी कोणाला म्हटलं नव्हतं, स्वतःलाही नाही. डबा हातात घेऊन मी उभी. इस्त्रीवाली माझ्या तोंडाकडे बघत.

"काढू का पाणी?" ती म्हणाली.

"नको. घड्या घाल. डावी बाही वर येऊ दे."

दहाला पाच कमी असताना मी गाडा ढकलत चौकशीच्या खोलीत शिरले. चौकशीवाल्या साहेबांनी कपाळाला हात लावला.

"बाई, परत तुम्ही?"

"परत मी."

"पुरावा आणलाय का या वेळी?"

"आणलाय. धुऊन आणलाय."

खोलीत हशा झाला. साहेबांनी पहिली डांगरी उचलली. हसू गेलं. दुसरी उचलली. पाचवी. बारावी. मग धाकट्याची जुनी वही मागवली, बाहीशेजारी उघडून ठेवली, एकेक अक्षर ताडून बघितलं. चष्मा पुसला. परत बघितलं.

"हे कोणी लिहिलं?"

"माझ्या भावाने."

"कधी?"

"काल रात्री."

कोणी हसलं नाही. पुढच्या बाकावर यंत्रावरचा बसला होता, मोठे साहेब बसले होते, दोघांच्या मध्ये माझा नवरा. मी तिकडे पाहिलं नाही. गाड्याच्या दांड्यावर माझे हात होते, तेच बघत होते.

साहेबांनी अहवाल पुढे ओढला. 'जबाबदार' या शब्दापुढे टाईप केलेला तेवीस नंबर होता. त्यावर एक रेघ मारली. सरळ, सावकाश.

कारकुनाने पेन उघडलं.

"वर काय लिहू, साहेब?"

साहेबांनी बाही खिडकीच्या उजेडात धरली आणि वाचलं,

"दाजी."