एक नंबरची नळी

"डॉक्टर मॅडम, तुम्ही लवकर या. लोक वसंतभाऊच्या दारात जमून राहिले."

फोन भगवंतरावांचा होता, मोहगावच्या पटसमितीच्या अध्यक्षांचा. गुरांची डॉक्टर प्रज्ञा हातातला चहा तसाच टाकून सौंसरहून निघाली.

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, बैलांना इंजेक्शन देऊन पळवतात अशी कुजबुज होती, म्हणून यंदा समितीने धावलेल्या जोड्यांचं रक्त तपासायचं ठरवलं होतं. पहिला आलेला वसंत. आज अहवाल आला. त्याच्या जोडीच्या रक्तात अॅड्रेनॅलिन, म्हणजे भीतीने आणि ताणाने अंगात उसळणारा रस, भलताच चढलेला. झालं, लोकांना तेवढंच हवं होतं. सगळ्यांत मोठा आवाज केशवरावांचा होता. त्यांची जोडी दुसरी आली होती; वसंत बाद झाला की बक्षीस त्यांनाच मिळणार होतं.

"बैलाची शपथ घेतो मॅडम," वसंत म्हणाला. "सुई लावली असेल तर पुन्हा कासरा हातात धरणार नाही." त्याचे डोळे लाल झाले होते. गावात तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

प्रज्ञाने अहवाल पुन्हा पाहिला. खाली आणखी एक ओळ होती, मेटानेफ्रिनची. अॅड्रेनॅलिन अंगात मोडलं की त्याचं मेटानेफ्रिन होतं. ते अगदी बेताचं होतं, इतर बैलांइतकंच.

ती थबकली. मग तिने तडक सौंसरचा माणसांचा खाजगी दवाखाना गाठला. पटाच्या दिवशी तिच्या दवाखान्यातली वीज गेली होती, म्हणून रक्तावरचं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वेगळं करून त्याच्या नळ्या तिने इथल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. नळ्यांवर नावं नव्हती, फक्त जोडी ज्या क्रमाने धावली तो नंबर. त्या घेताना इथली सुधा सिस्टर म्हणाली होती, "एक नंबर म्हणजे मानाची जोडी," आणि प्रज्ञाने घाईत मान हलवली होती.

"फ्रीजरची किल्ली कोणाजवळ असते?"

"माझ्याजवळच."

"त्या दिवशी केशवराव इकडे आले होते?"

"नाही. कोणीच नाही आलं."

"तुम्ही पट पाहायला गेला होता?"

सुधाचा चेहरा दगडासारखा झाला. "मंगेश गेल्यापासून त्या मैदानावर पाय नाही ठेवला मी."

मंगेश तिचा नवरा. केशवरावांचा धुरकरी होता, त्यांची जोडी तोच पळवायचा. भर पटात गाडीखाली येऊन गेला. पिऊन होता, असं गाव सांगायचं. गावाला कोणी सांगितलं होतं, ते प्रज्ञाने बाहेर येऊन भगवंतरावांना फोनवर विचारून घेतलं. मग तिने सुधाला सोबत घेतलं. ती मुकाट्याने गाडीत बसली.

मोहगावला समितीच्या खोलीत वसंत एका कोपऱ्यात होता आणि केशवराव खुर्चीवर ऐसपैस बसले होते.

"बैल घाबरो, पळो की त्याला सुई टोचो," प्रज्ञा म्हणाली, "अॅड्रेनॅलिन अंगात आलं की अंग ते मोडायला घेतं. एक चढलं की दुसरंही चढणारच. इथे दुसरं चढलेलंच नाही. म्हणजे हे औषध बैलाच्या अंगात कधी गेलंच नव्हतं. ते नळीत टाकलं गेलं, नळी गोठायच्या आधी."

"कोणी टाकलं?" भगवंतरावांनी विचारलं.

"आधी सांगा, पटात सगळ्यांत आधी धावायचा एक नंबर दरवर्षी कोणाचा?"

"केशवरावच्या घराण्याचा. तो मान आहे त्यायचा. यंदा त्यायले सुतक लागलं, मानाची पूजा करता येत नव्हती, म्हणून ऐन वेळी मैदानावर वसंतले देला आन् त्यायची जोडी मागून पळाली."

"मैदानावरच्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. ज्याने औषध टाकलं त्याला नव्हतं. त्याला वसंतचं वाकडं करायचं नव्हतंच. तो माणूस पटाला आलेला नव्हता, त्याच्याकडे फ्रीजरची किल्ली होती, दवाखान्यातलं औषध होतं, आणि केशवरावांवर त्याचा जुना राग होता."

सगळे सुधाकडे वळले. तिने मान खाली घातली नाही.

"वसंतभाऊ, तुमचा गुन्हा झाला माझ्या हातून. मीच सांगायला येणार होती, पण धीर नाही झाला." मग ती केशवरावांकडे वळली, आणि तिचा आवाज धारदार झाला. "जू तुमचं जुनं होतं. ते मोडलं म्हणून माझा माणूस मेला. तुम्ही म्हटलं, पिऊन होता. थेंब नव्हता त्याच्या पोटात. माझ्या पोरीले अजून दारुड्याची पोर म्हणतेत. जे अंगात नव्हतं ते होतं म्हणून गावाने थुंकलं की कसं वाटते, ते तुमाले दाखवायचं होतं मले."

केशवरावांनी भगवंतरावांना पोलिसात फोन लावायला फर्मावलं.

"फोन मी लावीन," वसंत उठत म्हणाला. "बदनामी माझी झाली, तक्रारही माझीच. पण आधी तुम्ही सांगा केशवराव. त्या दिवशी मंगेश पिऊन होता का?"

केशवराव दाराकडे पाहू लागले. दारात आता निम्मं गाव उभं होतं.

"नव्हता," ते म्हणाले.

"मोठ्याने," सुधा म्हणाली.